एकच नोंद दोन ठिकाणी हवी असेल तर
एकाने विचारलंय की एकच काम ‘घर’ आणि ‘आज’ अशा दोन्ही शीर्षकांखाली दिसायला हवं, तर कोणतं आउटलाइनर (नोंदी आणि उपनोंदी फांद्यांसारख्या मांडणारं सॉफ्टवेअर) घ्यावं. वर्कफ्लोवी घ्या. त्यातला मिरर, म्हणजे तीच नोंद दुसऱ्या जागीही दाखवायची सोय, ही नुसती नक्कल नव्हे. एकीकडे शब्द बदलला की दुसरीकडेही बदलतो, उपनोंदींसकट. ईमॅक्स या एडिटरमधल्या मूळ ऑर्ग-मोडमध्ये नोंदीची जागा एकच, बाकीचं टॅग लावून अजेंड्यातून, म्हणजे तिथे गोळा होणाऱ्या यादीतून काढायचं. साध्या मजकूर फाइलींवर चालणाऱ्या लॉगसेक या आउटलाइनरमध्ये ब्लॉकचा, म्हणजे एका नोंदीचा, संदर्भ देता येतो, पण तेव्हा मूळ नोंदीखाली ‘आयडी’ची एक ओळ येते. दुसऱ्या एडिटरमध्ये कुणी ती कचरा समजून पुसली की संदर्भ तुटलाच!

पुढे सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर ओपीएमएल (नोंदी एका आउटलाइनरमधून दुसऱ्यात नेण्याचं फाइल-स्वरूप) जपून वापरा. नोंद ‘टेक्स्ट’ या गुणधर्मात जाते, तिच्याखालचं टिपण मात्र वर्कफ्लोवी ‘_नोट’मध्ये ठेवतं. हा गुणधर्म ओपीएमएलच्या ठरलेल्या मानकात नाही. नव्या सॉफ्टवेअरला तो कळला नाही तर टिपणं गळतात, आणि नोंदींच्या झाडाचा आकार शाबूत दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. म्हणून आधी टिपणं असलेली एकच फांदी निर्यात करा, नव्या ठिकाणी उघडा आणि टिपणं मोजा.