मदत हवी आहे : ड जीवनसत्त्वाचं पत्रक, बायांना पटेल अशा भाषेत

लातूर-धाराशिवकडच्या गावांतल्या बायांसाठी एक पानी पत्रक करतोय. विषय : सततचा थकवा, मांड्या-पाठ दुखणं आणि ड जीवनसत्त्व.

रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (ड जीवनसत्त्वाची पातळी यावरूनच मोजतात) मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. सगळ्यात मोठी चूक इथंच होते : पुडी रोज घेतली जाते. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, मळमळ, बद्धकोष्ठता सुरू होते, मूत्रपिंडालाही धोका. दुसरी चूक उपाशीपोटी घेण्याची. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून पुडी जेवणानंतरच, जेवणात तेल-तूप असताना घ्यावी.

उन्हाचं काय लिहावं, इथं अडलंय. शेतात दिवसभर राबणारी बाईसुद्धा रुमाल-फुलशर्टात झाकलेली असते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन ड जीवनसत्त्वासाठी कामाचं. डिसेंबरात ते फक्त दुपारी १२ च्या आसपास मिळतं, मे महिन्यात मात्र सकाळी साडेनऊलाच. तेव्हा उष्माघाताचा धोका होणार नाही अशी किती मिनिटं सांगायची?

आणखी एक. पातळी ३० च्या वर जाऊनही थकवा तसाच राहिला, तर हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर बघायला हवी. खर्च एकदम झेपत नसेल तर तुम्ही आधी कोणती तपासणी सांगता? माझं मत हिमोग्लोबिन. इकडं काम करणाऱ्या डॉक्टर, आशाताईंनी जरूर सांगावं.