मदत हवी आहे: सोसायटीचा कारभार एजन्सीकडे द्यावा का?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची ६४ फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होईना, म्हणून गेल्या वर्षी सगळं एका मॅनेजमेंट एजन्सीला दिलं. झाडलोट, वॉचमन ठीक. पण हिशेब? सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा पैसा) मेंटेनन्सच्याच खात्यात, टँकरच्या पावत्यांवर गाडीचा नंबरसुद्धा नाही! ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे आणि ऑडिटर प्रश्न विचारतोय कमिटीला. बरोबरच आहे म्हणा, सह्या आमच्या.

तुम्ही करारात चेकवरच्या सह्या, दप्तराचा ताबा, थकबाकी वसुली (महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-२९) याबद्दल काय अटी घातल्या? की सरळ पगारी मॅनेजर ठेवणं परवडतं? कराराचा नमुना असेल तर कृपया पाठवा.