भरतीच्या बॅचमध्ये नडग्या धरतायत, धावणं किती कमी करू?

मैदान_नगर
पोलीस भरतीची ४२ जणांची बॅच आहे, २९ मुलं आणि १३ मुली. पाचवा आठवडा चालू आहे. आठवड्यातले सहा दिवस पहाटे डांबरी रस्त्यावर ७ किलोमीटर आणि त्यातल्या दोन दिवशी वरून ४०० मीटरचे रिपीट, म्हणजे तेच अंतर थांबत-थांबत पुन्हा पुन्हा जोरात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटापासून ११ जणांच्या नडग्या दुखतायत, दोघं लंगडतात. मुलांच्या १६०० मीटरला आणि मुलींच्या ८०० मीटरला २० गुण आहेत, म्हणून धावणं कमी करायला मन होत नाही. स्ट्रेचिंग वाढवलं, फरक नाही. नेमकं काय बदलू?

फिजिओ_कराड
सर, धावण्याचं नंतर बघू. आधी त्या ११ जणांची आजच विभागणी करा. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा दाबत न्या. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला सुरुवात केल्यावर जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा शिन पेन, म्हणजे जास्त भाराने होणारी नडगीच्या कडेची दुखी, तडा नव्हे. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर कळ येत असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठसठसत असेल, तर हाडाला बारीक तडा असल्याचं धरून चाला. लंगडणाऱ्या दोघांचं धावणं आजपासून पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तडा बहुतेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पोरगं परत रस्त्यावर येतं आणि तडा वाढतो. शंका राहिली तर एमआरआय.

जांघेत खोल दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असेल आणि ते सरकलं, तर ऑपरेशनची वेळ येते.

तिसराच आठवडा का, तेही सांगते. नवीन भार आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात कच्चं असतं. दम तोवर वाढलेला असतो, म्हणून पोरं नेमकी तेव्हाच जोर लावतात.

धावपट्टी_७७
यावर सैन्यातलं संशोधन भरपूर आहे आणि ते आपल्या बॅचला थेट लागू पडतं. २००० साली ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ रिक्रूटांवरचा अभ्यास आला. धावण्याआधीच्या स्ट्रेचिंगने पायाच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. सुरुवातीला ज्यांचा दम कमी होता, तेच जास्त जायबंदी झाले. म्हणजे तुमची चूक स्ट्रेचिंगमध्ये नाही, सगळ्यांना सारखे ७ किलोमीटर देण्यात आहे. ७ मिनिटांत १६०० मारणाऱ्या पोराला तेच अंतर जास्त वेळ, जास्त पावलं आणि जास्त दमून पडतं.

टायमिंगवरून तीन गट करा. मुलांसाठी ५:४० च्या आत, ५:४० ते ६:३०, त्यापुढचे. मुलींचे गट ८०० च्या टायमिंगवर वेगळे. हळू धावण्याचा दिवस मिनिटांत मोजा. तिन्ही गट २५ मिनिटं धावतील, मागचा गट आपोआप कमी अंतर कापेल.

धावणं आठवड्यातून तीनच दिवस. मंगळवारी ४०० चे चार. १६०० साठी ५:१० चं लक्ष्य असेल तर प्रत्येक ७७-७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. मागच्या गटाने हा वेग धरू नये, १६०० च्या आजच्या टायमिंगला चारने भागून त्यात दोन सेकंदच कमी करावेत. गुरुवारी २०० चे सहा ते आठ. शनिवारी २५ मिनिटं, बोलता येईल एवढ्याच वेगात. उरलेल्या दिवशी गोळा, ताकद आणि ४० मिनिटं झपझप चालणं. दम चालण्यानेही वाढतो. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात धावण्याऐवजी वजन घेऊन चालवलेल्या रिक्रूटांचा दम जवळपास तेवढाच वाढला आणि पायाच्या दुखापती कमी राहिल्या.

डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलं की एक पाय कायम खाली पडतो. मैदानावरही एकाच दिशेने फेऱ्या नकोत, हळू धावण्याच्या दिवशी दिशा उलटी करा.

फिजिओ_कराड
पोटऱ्यांचं मी जोडते. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर, मग तीन आकडे मोजत खाली. १२ चे तीन सेट गुडघे सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघे वाकवून, एक दिवसाआड. वाकवलेले बरेच जण टाळतात, पण धावताना सगळ्यात जास्त भार घेणारा आतला स्नायू त्यानेच तयार होतो. दोन आठवड्यांनी एका पायावर.

रात्रपाळी_नाशिक
मैदानाबाहेरचं कोणी बोललं नाही. इस्रायलच्या सैन्यात रिक्रूटांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा हाडाच्या तड्यांचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त उतरलं. तुमची बॅच ५ ला मैदानावर येत असेल आणि रात्री १२ पर्यंत अभ्यासिकेत बसत असेल, तर गणित जमत नाही. लेखीचं दडपण खरं आहे, त्यावर वेळापत्रक हलवणं हाच उपाय.

मुलींना पाळीबद्दल ताईंकरवी विचारा. पाळी चुकत असेल तर बहुतेकदा खाणं कमी पडतंय, आणि हाड तिथूनच ठिसूळ होतं. भरतीसाठी वजन उतरवायचं म्हणून रात्रीची भाकरी सोडणाऱ्या बऱ्याच असतात. अमेरिकन नौदलातल्या ५,२०१ महिला रिक्रूटांना आठ आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर तडे २० टक्क्यांनी कमी झाले. गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारूनच. दूध, नाचणी, तीळ आजपासून सुरू करता येतील.

मैदान_नगर
लंगडणाऱ्या दोघांना पाठवतोय. बाकीच्या नऊ जणांना परत कधी धावू देऊ?

फिजिओ_कराड
आधी ३० मिनिटं झपझप चालून आणि दुखऱ्या पायावर दहा उड्या मारून दुखलं नाही पाहिजे. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असे आठ वेळा, मातीवर, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना नडगी दुखली नाही तरच धावण्याचं एक मिनिट वाढवा. दुखली तर मागच्या पायरीवर. ४०० चे रिपीट सलग २० मिनिटं धावता आल्यावरच.