मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत रोजगार हमीचं काम मिळतं का? देवगड तालुका

खाडीकाठचा
माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद, ते ६१ दिवस घरात एक पैसा येत नाही, मग मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढचा अर्धा सीझन ती फेडत बसायचं, चार वर्षं हेच चाललंय. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं काम मागायला गेला तर रोजगारसेवक म्हणाला इकडे पुरुष येतच नाहीत म्हणून आम्ही कामं काढत नाही. जॉबकार्ड दोन वर्षं कपाटात आहे, आत एक ओळ भरलेली नाही. कोणाला मिळालंय का खरंच?

कातळावरचा
मिळतं, पण तोंडी मागून नाही मिळत. नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरा, कुठल्या तारखेपासून किती दिवस काम हवं ते लिहा आणि तारीख घातलेली पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नका. पोच असली की १५ दिवसांत काम द्यावंच लागतं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढे निम्मा. पोच द्यायला टाळाटाळ होते ती याचसाठी. कागदावर मागणीच नसली की "पुरुष येत नाहीत" म्हणायला ते मोकळे. वाडीतले दहा-बारा खलाशी मिळून जा. ही हमी आपल्याच राज्यातून सुरू झालीय, १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते तेव्हापासून, १९७७ ला कायदा झाला, दिल्लीचा कायदा २००५ ला आला. मागताना लाज कसली?

कलमवाला
दादा, पावसात रस्त्याचं काम कोण काढणार, तुम्ही रोजगार हमीतली फळबाग लागवड बघा. स्वतःच्या जमिनीत आंबा-काजू लावायचा, खड्डे आपणच मारायचे आणि त्याचीच मजुरी जॉबकार्डावर. लागवड जून-जुलैतच असते, म्हणजे बरोब्बर तुमच्या बंदीत. खड्डे मात्र मे मध्ये मारून ठेवावे लागतात, आंब्याचा मीटरभर लांब-रुंद-खोल, आणि आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा दगड, पहार घातली की ठणकन वाजते, मी दिवसाला दोनच काढायचो. पैसे तीन वर्षांत टप्प्याने येतात, रोपं जगवावी लागतात. खरी अडचण सातबाऱ्याची. आमच्यावर सतरा नावं, अर्धी मुंबईत, गणपतीला सगळे आले तेव्हा एकेकाची संमती घेत फिरलो, त्यात एक पावसाळा गेला तो गेलाच.

वाडीतली ताई
एक सांगते, २०२५-२६ ला रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता, चिरेखाणीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली याच्या दुप्पट मिळतात म्हणून आमच्याकडचे पुरुष येत नाहीत हे खोटं नाही. पण पावसात खाण बंद, बांधकाम बंद, तेव्हा तेवढे पण मोठे असतात हो. आणि बँकेत आधार आधी तपासा, १ जानेवारी २०२४ पासून पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आमच्या ह्यांचे कुठल्यातरी जुन्याच खात्यात गेले, ते खातं शोधण्यात तीन महिने गेले, तोवर मुलाची फी दिरानं भरली.

खाडीकाठचा
थँक्यू सगळ्यांना. सातबारा अजून आजीच्या नावावर आहे, वारस नोंद पण नाही, म्हणजे बाग यंदा नाहीच जमणार. नमुना ४ सोमवारी देतोय, भाऊ आणि त्याच्या बोटीवरचे आणखी सहाजण आहेत. कातळावरचे दादा, अर्ज सगळ्यांचा एकच चालेल की प्रत्येकाचा वेगळा?

कातळावरचा
वेगळा द्या प्रत्येकाने. आणि पोचपण सात घ्या.