१२ लिटरच्या टाकीत कोणाला ठेवावं? (नेरुळ)

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

लेकीच्या वाढदिवसाला काचेची छोटी टाकी भेट आली, सोबत दोन गोल्डफिश. टाकी आतून १२ इंच लांब, ८ रुंद, १० उंच. वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी जेमतेम १२ लिटर. एक मासा पाचव्या दिवशी गेला, दुसरा नवव्या. 'दोन आरामात राहतील' असं दुकानात सांगितलं होतं. स्वच्छता राहावी म्हणून मी रोज सगळं पाणी बदलत होते. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाणही खूप करतो आणि नव्या टाकीत त्या घाणीचा अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात, हे सगळं मला नंतर समजलं. लेक पहिलीत आहे. दुसरा मासा गेला त्या दिवशी ती जेवली नाही. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून घाई केलेली नाही.

सहा आठवडे टाकी नुसतीच चालू आहे. स्पंज फिल्टर आहे, जावा मॉस ही पाणवनस्पती आहे, ते जिवाणू वाढावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकते. आता पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात, नायट्रेट थोडं दिसतं, म्हणजे जिवाणू तयार झालेत. जीएच (पाण्याचा कठीणपणा) ४ आहे. नळाचं पाणी अँटिक्लोरिन घालूनच वापरते.

मनात तीन पर्याय आहेत: एक फायटर (बेट्टा मासा), चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) किंवा गप्पी मासे. सासूबाई गप्पीच्या बाजूने आहेत, कारण त्यांच्या माहेरी विहिरीत डासांसाठी गप्पी सोडायचे आणि ते कधी मरत नसत. दोन अडचणी आहेत. मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांपर्यंत जातं. आणि गणपतीत आम्ही पाच दिवस गावी असतो, घराला कुलूप.

प्रतिसाद

ताई, सहा आठवडे थांबलात हे फार चांगलं केलंत. निम्मं काम तिथेच झालं.

गप्पी नकोत. ते चिवट असतात हे सासूबाईंचं खरं, पण विहीर वेगळी आणि १२ लिटर वेगळे. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नर काढून घेतला तरी पुढचे काही महिने देतच राहते. मग ती पिल्लं तलावात सोडायचा मोह होतो. तेही करू नये.

फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यामुळे उकाडा त्याला जरा कमी बाधतो. पण त्यालाही किमान १५-२० लिटर असावेत असं मला वाटतं. तुमची टाकी त्याच्यासाठी काठावर आहे.

मी तुमच्या जागी चेरी श्रिंप घेतले असते, फक्त श्रिंप. अंगाने करंदीएवढे, दोन-तीन सेंटीमीटर. दहा आणलेत तरी टाकीवर भार पडत नाही. मॉसवरचा शेवाळाचा थर दिवसभर खुडत बसतात, म्हणून गणपतीचे पाच दिवस खाद्य नाही मिळालं तरी चालतं. उलट जाण्याआधी 'असू दे' म्हणून जास्त खाद्य टाकू नका. लेकीला बघायलाही खूप आहे: मादी पोटाखाली अंडी धरून तीन-चार आठवडे पायांनी हलवत राहते, मग त्यातून अगदी मोठ्यांसारखी दिसणारी इवली पिल्लं निघतात.

जीएच ४ थोडा कमी आहे, कात टाकताना त्यांना कॅल्शियम लागतं. समुद्रफेनाचा नखाएवढा तुकडा टाका, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो. मे महिन्यात पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी आठवड्याला दोन लिटरच बदला. तांबं असलेलं कुठलंही औषध टाकीत नको, आणि घरात पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा हवेचा पंप बंद करून टाकी झाकून ठेवा. आणल्यावर लगेच सोडू नका. टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब त्यांच्या भांड्यात तासभर जाऊ द्या.

धागाकर्ती

खूप आभार दादा. श्रिंपच आणते, शनिवारी दहा. सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे. त्याची पानं टाकीत घालतात असं ऐकलं, चालतील का?

प्रतिसाद

चालतील. झाडावरून तोडू नका, आपोआप गळलेलं तपकिरी पान घ्या. आवारात डासांसाठी फवारणी होत असेल तर मात्र त्या झाडाचं नको. धुऊन, वाळवून अर्धंच पान टाका. पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल, घाबरू नका. पान कुजत जाईल तसतसे श्रिंप त्यावरच जमलेले दिसतील.