पेनड्राईव्हवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाईलींचं काय करायचं?

निपाणीकर:
माझं निपाणीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर पेनड्राईव्ह येतात. कॉलेजचे प्रोजेक्ट, लग्नपत्रिकेचा मजकूर, तंबाखू व्यापाऱ्यांचे एक्सेलमधले हिशेब. काल एका गिऱ्हाईकाच्या वर्ड फाईलवर पिवळी पट्टी आली आणि आत लिहिलेलं, मजकूर दिसायला 'एनेबल कंटेंट' दाबा. मी दाबलं नाही, फाईल बंद केली. ईमेलवरून आलेली अशीच फाईल मागे लाल पट्टी दाखवून सरळ अडली होती. मग पेनड्राईव्हवरची का अडत नाही? ऑफिस २०१९ आहे. याच मशीनवर लोकांचे आधार, बँकेची कागदं स्कॅन होतात. कुणाचं नुकसान व्हायला नको, सांगा की ओ.

खानापूर:
न दाबलं ते उत्तम. मजकूर दिसायला मॅक्रो, म्हणजे फाईलीत दडवलेला छोटा प्रोग्राम, कधीच लागत नाही, तसं लिहिलेलं असलं की फाईल खोटी समजायची. नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज एक खूण करून ठेवतं. ती बघून ऑफिस २०२२ पासून मॅक्रो अडवतं. पण ही खूण एनटीएफएस डिस्कवरच (विंडोजची नेहमीची डिस्कची मांडणी) टिकते. पेनड्राईव्ह बहुतेक एफएटी३२ किंवा एक्सफॅट असतात, त्यावर कॉपी झाली की खूण गळते आणि फाईल घरचीच वाटते. तुम्हाला मॅक्रोची गरज नाही ना? मग ट्रस्ट सेंटरमधल्या मॅक्रो सेटिंगमध्ये सगळे मॅक्रो सूचना न देता बंद करा. पट्टीच येणार नाही, दुकानातला पोरगाही चुकून दाबणार नाही. वर्डमध्ये वेगळं, एक्सेलमध्ये वेगळं करावं लागतं.

शहापूर, बेळगाव:
फाईलीचं शेपूट, म्हणजे नावामागचं डॉक्स-डॉकएम, दिसेल असं विंडोजमध्ये करून घ्या. डॉक्स, एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही. डॉकएम, एक्सएलएसएम आणि जुन्या डॉक, एक्सएलएसमध्ये राहू शकतो. पण मॅक्रो बंद म्हणजे सगळं झालं असं नाही. २०२२ च्या फोलिना हल्ल्याला मॅक्रो लागतच नव्हता. अशी भोकं अपडेटनेच बुजतात, आणि ऑफिस २०१९ चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मला हीच तुमची खरी अडचण वाटते. नवीन घेणं परवडत नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. क्रॅक केलेलं ऑफिस मात्र नकोच, त्या क्रॅकमधूनच व्हायरस येतात. नुडी, श्रीलिपी ही कन्नड-मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही टेलिग्रामवरून उतरवू नका.

निपाणीकर:
मॅक्रो दोन्हीकडे बंद केले. लिबरऑफिसमध्ये नुडीतले जुने कन्नड अर्ज उघडतील का?

शहापूर, बेळगाव:
फाँट मशीनवर असेल तर उघडतात. तक्त्याच्या रेषा हलतात कधीकधी, प्रिंट काढण्याआधी बघून घ्या.