प्रतिसाद: भुयारात उतरताना मेणबत्तीची परीक्षा पुरते का?

भुयारात पेटती मेणबत्ती न्यायची आणि ती विझली नाही तर हवा ठीक समजायची, ही सुचवलेली युक्ती अपुरी आहे. ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की. बाहेरच्या हवेत तो २०.९ असतो. पण कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांवर गेला, तरी ज्योत तेवत राहू शकते आणि इकडे धाप लागून डोकं ठणकायला लागतं. १० टक्क्यांना माणूस शुद्ध हरपतो. बंद कोळसा खाणीत तर ज्योत नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट होतो.

त्यापेक्षा गॅस डिटेक्टर दोरीला बांधून आधी खाली सोडा, दोन-तीन मिनिटं तळाशी ठेवा. अलार्म खालीच वाजून थांबू शकतो, म्हणून कमाल-किमान नोंद वर काढल्यावर बघा. ऑक्सिजन १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. नेहमीच्या चार-गॅस डिटेक्टरमध्ये (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा) कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बहुधा नसतो, तो वेगळा मागावा लागतो. इथेच बरेचजण फसतात.

बाकी सह्याद्रीतल्या ‘या गडावरून त्या गडावर जाणाऱ्या’ भुयारांबद्दल: इथला काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चुनखडीच्या मेघालयासारख्या मैलोगणती गुहा इथे अपेक्षितच नाहीत. अशी बरीच ‘भुयारं’ म्हणजे गाळाने भरलेली खांबटाकी (खडकात खोदलेली, आत खांब सोडलेली पाण्याची टाकी). आत पाय टाकण्याआधी काठीने गाळाची खोली मोजा. माणशी तीन दिवे, आणि वर थांबणाऱ्याला परतायची वेळ सांगून ठेवा. तोंडाशी आग्यामोहळ दिसलं तर तिथूनच मागे फिरा.